डॉ. आंद्रेआस ग्रुंट्सिग

हल्लीं आपल्या ओळखीच्या पुष्कळ घरांत एखादे आजोबा किंवा मामा असे भेटतात कीं, ज्यांच्या हृदयाच्या रोहिणींत डॉक्टरांनीं स्टेंट नांवाची धातूची बारीक जाळी बसविलेली असते. दोन-तीन दिवस इस्पितळांत राहून ते घरीं येतात, छातींतली कळ थांबलेली असते, आणि रोग कायमचा गेला असें समजून दिवाळीस लाडू-करंज्यांचें ताट खुशाल पुढें ओढतात. ही समजूत आमचीहि पुष्कळ दिवस होती. परंतु उघडलेली रोहिणी पुन्हां अरुंद होऊं शकते, आणि ज्यांस मधुमेह आहे त्यांची ती अधिक वेळां होते, ही गोष्ट आम्हांस ज्या पुरुषाच्या चरित्रावरून प्रथम नीट उमगली, त्याची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे. रोहिणी म्हणजे हृदयाकडून निघालेलें रक्त शरीरभर नेणारी नळी; कोणी तिला धमनी म्हणतात. हृदयाच्या स्वतःच्या पोषणासाठींहि अशा रोहिणी असतात. त्या आंतून मेदानें बुजूं लागल्या म्हणजे छातींत कळ येते व केव्हां केव्हां प्राणावर बेततें. अशी रोहिणी छाती न फाडतां उघडण्याची विद्या डॉ. ग्रुंट्सिग यांनीं जगास दिली, आणि ती विद्या कोठें अपुरी पडते हेंहि त्यांनींच प्रथमपासून मोजून सांगितलें.

आंद्रेआस ग्रुंट्सिग यांचा जन्म ता. २५ जून १९३९ रोजीं जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं झाला. पुढें दोनच महिन्यांनीं महायुद्ध पेटलें. वडील विज्ञानाचे शिक्षक होते; ते युद्धांतून परत आले नाहींत. आई देखील शिक्षिका होती, व दोन मुलांस वाढविण्याचा सारा भार तिच्यावर पडला. युद्धानंतर १९५० च्या सुमारास ती मुलांस घेऊन दक्षिण अमेरिकेंत ब्यूनोस आयरिस येथें नातलगांकडे गेली. परंतु तेथें तिचें मन रमलें नाहीं, आणि तीं माणसें पुन्हां पूर्व जर्मनींत लाइप्झिग येथें परत आलीं. या शहरांतील टोमास शाळा कित्येक शतकांची जुनी आहे. संगीतकार बाख याच शाळेंत गायनाचे प्रमुख होते. अशा शाळेंतून आंद्रेआस १९५७ सालीं उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाले. त्यानंतर ते पश्चिम जर्मनींत गेले व हायडेलबर्ग विद्यापीठांत वैद्यक शिकून १९६४ त डॉक्टर झाले.

पुढील कांहीं वर्षें निरनिराळ्या इस्पितळांत उमेदवारी करण्यांत गेलीं. त्यांपैकीं एक गोष्ट मात्र आम्हांस महत्त्वाची वाटते. या काळांत ते लंडनला राहून साथींचें व रोगांच्या मोजदादीचें शास्त्र शिकले. किती रोग्यांस एखादा उपाय लागू पडला, किती जणांस पडला नाहीं, किती जणांचा रोग उलटला, याचा चोख हिशेब ठेवावयाचा, हें त्या शास्त्राचें मुख्य काम. हातानें कुशल असणारे वैद्य पुष्कळ असतात, हिशेबाचे पक्के थोडे. ग्रुंट्सिग यांच्या ठायीं या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

त्यांच्या शोधाचा धागा अमेरिकेंत सुरू होतो. ओरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड येथें डॉ. चार्ल्स डॉटर म्हणून एक क्ष-किरणतज्ज्ञ होते. ता. १६ जानेवारी १९६४ रोजीं त्यांच्यापुढें ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पायाची रोहिणी बुजल्यामुळें पाऊल सडूं लागलें होतें, आणि पाय कापून घेण्यास ती तयार नव्हती. डॉटर यांनीं त्या रोहिणींत एकापेक्षां एक जाड अशा नळ्या क्रमानें सारून वाट मोकळी केली. पाय वाचला व बाई आपल्या पायांनीं चालूं लागली. अमेरिकेंत या उपायाची पुष्कळ थट्टा झाली, परंतु युरोपांत कांहीं डॉक्टरांनीं तो उचलला. ग्रुंट्सिग यांनीं जर्मनींत असतांनाच ही हकीकत ऐकली होती, आणि १९६९ सालीं झूरिच येथील विद्यापीठाच्या इस्पितळांत आल्यावर त्यांनीं ही पद्धति स्वतः शिकून घेतली. तिचा दोष त्यांच्या लवकरच ध्यानांत आला. जाड नळी घुसवावयाची म्हणजे रोहिणीच्या तोंडाशीं मोठें भोंक पडणार. शिवाय नळी मेदाचा थर पुढें ढकलीत जाणार. बारीक नळी आंत नेऊन अडलेल्या जागींच ती फुगवितां आली तर किती बरें, असा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला.

फुग्याची कल्पना सोपी, पण फुगा करणें कठीण. रबराचा फुगा जेथें प्रतिकार कमी तेथें फुगतो. मेदाचा कठीण थर तसाच राहून फुगा त्याच्या दोन्ही बाजूंनीं वर येतो. हवा तो फुगा असा कीं, ठरलेल्या जाडीपर्यंत फुगेल, पुढें एक केसभरहि वाढणार नाहीं, आणि तरी दाबाखालीं फुटणार नाहीं. इस्पितळाचें काम आटोपल्यावर रोज संध्याकाळीं ग्रुंट्सिग आपल्या घरच्या स्वैपाकघरांतील मेजावर नळ्या, दोरे, गोंद व पातीं पसरून बसत. त्यांच्या सहायक मारिया श्लुम्फ व त्यांचे यजमान मदतीस असत, पत्नी मिखाएला याहि हातभार लावीत. जेवणाचें मेज कित्येक महिने जेवणास मोकळें मिळालें नसावें असा आमचा तर्क आहे! शेवटीं ते हाइनरिख होप्फ नांवाच्या निवृत्त रसायनशास्त्र्यांकडे गेले, व त्यांनीं पॉलिव्हिनिल क्लोराइड हा पदार्थ सुचविला. ज्याच्या नळ्या व पन्हाळी आज आपल्याकडे घरोघर दिसतात तोच हा पीव्हीसी. याच्या बारीक नळीचा एक भाग ऊन करून फुगविला म्हणजे लहानशा सॉसेजच्या आकाराचा, ठरीव जाडीचा फुगा तयार होई. ता. १२ फेब्रुवारी १९७४ रोजीं ग्रुंट्सिग यांनीं असा फुगा प्रथम एका रोग्याच्या पायाच्या रोहिणींत वापरला आणि तो यशस्वी झाला.

पायावरून हृदयाकडे जाणें ही साधी गोष्ट नव्हे. पायाची रोहिणी थोडा वेळ बंद पडली तर पाय तग धरतो, हृदयाची बंद पडली तर घटकेचाहि भरंवसा नसतो. म्हणून त्यांनीं फुगा अधिक बारीक केला, आणि १९७५ पासून कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग आरंभिले. हे प्रयोग त्यांनीं १९७६ सालीं अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञांच्या वार्षिक सभेंत तक्त्यावर मांडले, तेव्हां येणाराजाणारा त्यांजकडे संशयानेंच पाही. तरी सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. रिचर्ड मायलर यांस त्यांत तथ्य दिसलें. मे १९७७ मध्यें त्या शहरीं शस्त्रक्रियेसाठीं छाती उघडलेल्या रोग्यांच्या रोहिणींत फुगा घालून, सुटलेले कण पुढें वाहून जातात कीं काय, हेंहि दोघांनीं मिळून पाहून घेतलें.

ता. १६ सप्टेंबर १९७७ हा दिवस वैद्यकाच्या इतिहासांत कायमचा राहील. झूरिच येथें एका ३८ वर्षांच्या विमा-प्रतिनिधीच्या छातींत कळा येत होत्या. हृदयाच्या पुढल्या बाजूची मोठी रोहिणी एकाच ठिकाणीं अगदीं अरुंद झाली होती. योगायोग असा कीं, ग्रुंट्सिग यांचेंहि वय त्या वेळीं ३८ च होतें. प्रसिद्ध शस्त्रवैद्य ऑके सेनिंग यांनीं या प्रयोगास पाठबळ दिलें होतें, व कांहीं बिघडल्यास तत्काळ छाती उघडण्यासाठीं शस्त्रक्रियेची मंडळी तयार ठेविली होती. रोगी पूर्ण जागा होता. मांडीच्या रोहिणींतून नळी हृदयापर्यंत गेली, तिच्यांतून फुग्याची बारीक नळी अडलेल्या जागीं पोंचली, आणि फुगा दोनदां फुगविला गेला. पलीकडच्या बाजूस रक्ताचा दाब वाढला, कळ थांबली, आणि शस्त्रवैद्यांस हातहि लावावा लागला नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अमेरिकेंतील त्याच वार्षिक सभेंत ग्रुंट्सिग यांनीं आपले पहिले चार रोगी सांगितले, तेव्हां भाषण संपण्यापूर्वींच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला.

अशा वेळीं माणसाचें डोकें फिरतें. एवढा जयजयकार झाल्यावर एखाद्यानें आपल्या उपायाची वाटेल तेवढी तारीफ केली असती तरी लोकांनीं ती खरी मानली असती. ग्रुंट्सिग यांनीं काय केलें तें आम्ही थोडें विस्तारानें सांगतों, कारण आमच्या मतें त्यांचा मोठेपणा फुग्यापेक्षांहि यांत अधिक आहे. १९७९ च्या जुलैंत त्यांनीं आपल्या पहिल्या ५० रोग्यांचा हिशेब अमेरिकेंतील एका मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकांत छापला. त्यांत उपाय साधला तो ३२ जणांस. उरलेल्या १८ जणांस साधला नाहीं हें त्यांनीं लपविलें नाहीं. पांच जणांवर तातडीची बायपास शस्त्रक्रिया करावी लागली, तिघांच्या हृदयास इजा झाल्याच्या खुणा आढळल्या, हेंहि लिहिलें. पुढें जाऊन त्यांनीं असें म्हटलें कीं, बायपास ज्यांस सांगितली जाते अशा रोग्यांपैकीं शेंकडा १० ते १५ जणांसच हा उपाय योग्य ठरेल. आणि औषधें, शस्त्रक्रिया व फुगा यांची चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या रोग्यांवर निःपक्षपाती तुलना झाल्याशिवाय खरें मूल्य ठरणार नाहीं. आपल्याच शोधाची अशी परीक्षा मागणारा संशोधक विरळा. ही मागणी वाचकांनीं लक्षांत ठेवावी; तिचें पुढें काय झालें तें शेवटीं येईल.

ही विद्या दुसऱ्यांस शिकविण्याची त्यांची तऱ्हाहि निराळी होती. १९७८ पासून झूरिच येथें देशोदेशींचे डॉक्टर एका दालनांत बसत, आणि शेजारच्या खोलींत चाललेली क्रिया दूरचित्रावर पाहत. रोगी खरा, धोका खरा. क्रिया फसली तर तीहि सर्वांसमक्ष फसे. रोग्याच्या जिवाशीं असा देखावा करावा कीं नाहीं, याविषयीं आमच्या मनांत शंका येते. ग्रुंट्सिग यांस लोकांच्या टाळ्यांची आवड नव्हती असेंहि म्हणवत नाहीं. परंतु निवडक यशें कागदावर मांडण्यापेक्षां उघड्या डोळ्यांदेखत काम करणें अधिक सचोटीचें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

झूरिच येथें त्यांस हवी तेवढी मोकळीक व साधनें मिळेनात, म्हणून १९८० च्या अखेरीस ते अमेरिकेंत अटलांटा शहरीं एमरी विद्यापीठांत गेले. तोंपर्यंत झूरिचमध्यें १६९ रोग्यांवर ही क्रिया झाली होती, व १३३ जणांस ती साधली होती. या रोग्यांस त्यांनीं वाऱ्यावर सोडलें नाहीं. ठराविक मुदतीनें परत बोलावून त्यांच्या रोहिणींचीं चित्रें पुन्हां घेतलीं. तेथेंच त्यांच्या शोधाचें वैगुण्य उघडें पडलें. सुमारें एकतृतीयांश रोग्यांची उघडलेली जागा पुन्हां अरुंद झाली होती, आणि बहुतेक ती पहिल्या सहा महिन्यांतच झाली होती. सहा महिने निभावले तर रोहिणी पुष्कळदां वर्षानुवर्षें मोकळी राही. अटलांटा येथें ग्रुंट्सिग व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें एक हजार रोगी तपासले, तरी तोच आंकडा आला: दहांत तीन.

असें कां व्हावें? फुगा मेदाचा थर नुसता दाबीत नाहीं. तो त्यास तडे पाडतो व रोहिणीची भिंत ताणतो. म्हणजे बरें करतांना एक जखम होतेच. ताणलेली भिंत कांहीं अंशीं आपोआप आकसते, पुढील महिन्यांत ती जखम सुकतांना आणखी आंत ओढली जाते, आणि भिंतींतील स्नायूंच्या पेशी जखम भरून काढण्यासाठीं वाढूं लागतात. हातावरच्या जखमेचा वण उंचवट्यासारखा राहतो, तसा हा वण रोहिणीच्या आंत वाढतो. हातावर तो दिसण्यापुरता, पण तीन मिलिमीटर रुंदीच्या नळींत तो वाट अडवितो. यावर तोड काढण्याच्या खटपटींत ग्रुंट्सिग व त्यांची मंडळी असतांनाच घाला पडला.

त्यांस वेगाची व विमान चालविण्याची फार हौस होती. स्वतःचें दोन यंत्रांचें लहान विमान घेऊन ते समुद्रकांठच्या आपल्या घरीं सुट्टीस जात. ता. २७ ऑक्टोबर १९८५, रविवार. हवा वादळी होती, तरी दुसऱ्या दिवशींच्या कामासाठीं अटलांटास परतण्याचें त्यांनीं ठरविलें. जॉर्जिया प्रांतांत फॉरसाइथ गांवाजवळ विमान कोसळलें, आणि ते व त्यांच्या दुसऱ्या पत्नी मार्गारेट अॅन दोघेंहि जागच्या जागीं गेलीं. वय अवघें ४६. रोग्याच्या रोहिणींत एकेक केस जपून पाऊल टाकणाऱ्या या माणसानें स्वतःच्या जिवाविषयीं एवढी बेफिकिरी करावी, याचें आम्हांस राहून राहून वाईट वाटतें. त्याच वर्षीं डॉ. डॉटर हेहि वारले होते.

त्यांचा तो पहिला रोगी मात्र १९८७ सालीं, क्रियेला दहा वर्षें झालीं तेव्हां, अटलांटा येथें आला. त्याच्या रोहिणीचें चित्र पुन्हां घेतलें, तों ती मोकळी होती.

ग्रुंट्सिग गेल्यावर पांचच महिन्यांनीं, मार्च १९८६ मध्यें, फ्रान्समधील तुलूझ येथें डॉ. जाक प्युएल यांनीं माणसाच्या हृदयाच्या रोहिणींत पहिला स्टेंट बसविला; पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्यें लोझान येथें डॉ. सिगवार्ट यांनींहि बसविले. जाळीच्या टेकूमुळें भिंत आकसत नाहीं. १९९४ सालीं दोन मोठ्या परीक्षांचे निकाल आले. एकींत पुन्हां अरुंद होण्याचें प्रमाण शेंकडा ३२ वरून २२ वर आलें, दुसरींत ४२ वरून ३२ वर. पण पेशींची वाढ जाळीनें थांबत नाहीं. ती जाळीच्या भोंकांतून आंत येते. मग वाढ रोखणारें औषध जाळीवरच माखण्याची युक्ति निघाली, व असे स्टेंट २००३ पासून अमेरिकेंत सर्रास वापरूं लागले. त्या औषधाचें नांव सिरोलिमस. तें ईस्टर बेटाच्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून मिळालें, आणि तें शोधून काढणारे सुरेंद्रनाथ सहगल हे अखंड हिंदुस्थानांत जन्मलेले शास्त्रज्ञ होते. या युक्तीनें पुन्हां अरुंद होण्याचें भय पुष्कळच कमी झालें.

तरी एक वर्ग असा राहिला कीं, ज्याच्यापुढें फुगा, जाळी व औषध या तिन्हींचें बळ कमी पडतें. तो मधुमेह्यांचा. याचें कारण शोधतांना वैद्यकाचा दुसराच एक धागा येथें येऊन मिळतो. इन्सुलिन हा रस रक्तांतील साखर पेशींत शिरविण्याचें काम करतो. १९३६ सालीं लंडनचे डॉ. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनीं मधुमेह्यांस एकाच वेळीं साखर व इन्सुलिन देऊन असें दाखविलें कीं, कांहींचें शरीर इन्सुलिनास लगेच दाद देतें, कांहींचें देत नाहीं. १९८८ सालीं, म्हणजे ग्रुंट्सिग यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, अमेरिकेंतील डॉ. जेरल्ड रीव्हन यांनीं हें दाद न देणें, वाढलेला रक्तदाब, रक्तांतील मेदाचा बिघाड आणि हृदयरोग यांची एकत्र सांगड घातली. त्यांतील वर्म असें: दारावरचा पहारेकरी बहिरा झाला म्हणजे घरधनी मोठमोठ्यानें हांका मारूं लागतो, पहारेकरी कसाबसा उठतो, पण सारी आळी जागी होते. तसेंच शरीर दाद देईना म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडतें. साखर आंत नेण्याची वाट मंद झालेली असते, परंतु पेशींस वाढण्याचा हुकूम देणारी इन्सुलिनची दुसरी वाट तशी मंद झालेली नसते. शिवाय रोहिणीच्या आंतील अस्तर निरोगी असतां जो नायट्रिक ऑक्साइड वायु सोडून भिंत सैल व पेशी शांत ठेवतें, तो कमी पडतो, आणि रक्ताचे बिंबाणु अधिक चिकट होतात. अशा शरीरांत फुग्यानें जखम केली कीं, तिचा वण जोरानें वाढावा यांत नवल तें काय! इन्सुलिनास दाद द्यावयास लावणारीं औषधें दिलीं असतां स्टेंटमधील ही वाढ कमी होते असें जपान व कोरिया येथील लहान परीक्षांत दिसलें. पण त्या औषधांचे इतर दोष पुढें आल्यामुळें तो उपाय सर्वमान्य झाला नाहीं.

आतां ग्रुंट्सिग यांच्या त्या १९७९ च्या मागणीकडे वळूं. फुगा व शस्त्रक्रिया यांची जी निःपक्षपाती तुलना त्यांस हवी होती, ती त्यांच्याच एमरी विद्यापीठांत त्यांच्या पश्चात् सुरू झाली. ३९२ रोग्यांचा निकाल १९९४ त आला; तीन वर्षांत दोन्ही उपायांत मोठा फरक दिसला नाहीं. परंतु १,८२९ रोग्यांच्या दुसऱ्या, मोठ्या परीक्षेंत एक गोष्ट अशी निघाली कीं, १९९५ सालीं अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेस डॉक्टरांना मुद्दाम सूचना पाठवावी लागली. औषध घेणाऱ्या मधुमेह्यांपैकीं बायपास झालेल्यांत पांच वर्षांनीं शेंकडा ८१ जण हयात होते, फुग्याचा उपाय झालेल्यांत शेंकडा ६६ च. औषधी स्टेंट आल्यावर हा फरक मिटला असेल असें पुष्कळांस वाटलें. म्हणून अनेक रोहिणी बुजलेले १,९०० मधुमेही घेऊन पुन्हां तुलना झाली, व तिचा निकाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. पांच वर्षांत मृत्यु, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकीं कांहीं ना कांहीं स्टेंटवाल्यांत शेंकडा २६.६ जणांस झालें, बायपासवाल्यांत १८.७ जणांस, पक्षाघात तेवढा बायपासवाल्यांत अधिक होता. तेव्हांपासून अशा मधुमेही रोग्याच्या खाटेशीं हृदयरोगतज्ज्ञ व शस्त्रवैद्य दोघांनीं एकत्र बसून, दोन्ही उपायांचे आंकडे त्याच्यापुढें ठेवून निर्णय करावा, असा प्रघात पडत चालला आहे.